आश्वासन पाळायचं कसं?

प्रश्न असा आलाय: “माझी मैत्रीण सध्या फार वाईट दिवसांतून जातेय. तिला पत्रात ‘मी तुला आश्वासन देते’ असं लिहिलं, तर आई म्हणाली, हे पुढाऱ्याच्या तोंडचं वाटतं, ‘दिलासा’ लिही. दोन्हींत फरक काय? आणि दिलासा म्हणजे दिल + आशा, हे खरं का?”

शेवटचं आधी उरकतो. खरं नाही. शब्द फारसी आहे. त्यातलं ‘दिल’ सांगायला नको. ‘आसा’ येतो ‘आसूदन’ या क्रियापदावरून, म्हणजे विसावणं. मनाचा विसावा तो दिलासा. आशेचा भास होतो तो आपल्या सामान्यरूपामुळे. पैसा-पैशाला, ससा-सशाला, तसं दिलासा-दिलाशाला. त्या ‘शा’त लोकांना आशा दिसू लागते. सशात अजून कुणाला काही दिसलेलं नाही, हे नशीब.

आता आश्वासन. आईंचा कान शाबूत आहे, बिघडलाय तो शब्द. ‘आश्वासन पाळलं नाही’, ‘आश्वासनाची पूर्तता करा’ हे रोज ऐकतो आणि रोज दात आवळतो. पाळतात ते वचन, मोडतात तेही वचन. आश्वासन पाळायचं कसं? त्यात धातू आहे ‘श्वस्’, श्वास घेणे. ‘आ-श्वस्’ म्हणजे पुन्हा श्वास घेऊ लागणं, सावरणं. ‘आश्वासन’ म्हणजे समोरच्याचा अडकलेला श्वास मोकळा होईल असं काही करणं. बस्स. गीतेच्या ११व्या अध्यायात विश्वरूप बघून अर्जुनाची गाळण उडते, तेव्हा ५०व्या श्लोकात ‘आश्वासयामास च भीतमेनम्’ असं येतं. तिथे कृष्ण त्याला काही कबूल करत नाही. पुन्हा सौम्य रूप घेतो, तेवढ्यानेच घाबरलेल्याच्या जिवात जीव येतो.

आणि ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ती गोष्ट तर पुढेच आहे. संस्कृत महाकाव्यात सर्ग असतात. प्राकृत महाकाव्यात सर्गाला काय म्हणतात? आश्वास! ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विश्वनाथाने तसा नियमच सांगून ठेवलाय. ५व्या शतकातलं, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावर असलेलं ‘सेतुबंध’ घ्या. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी-पणजी. त्यात १५ आश्वास आहेत. पहिल्याच आश्वासात हनुमान सीतेची बातमी घेऊन येतो. ती दिसली म्हणतो, रामाला खरं वाटत नाही. ती खंगलीय म्हणतो, राम डोळ्यांत पाणी आणून निःश्वास टाकतो. ती तुमच्यासाठी झुरतेय म्हणतो, राम रडतो. ‘जिअइ’, जिवंत आहे, म्हटल्यावर मात्र राम त्याला मिठी मारतो. एका शब्दाने माणसाचा श्वास परत आला, आणि हे घडतं ते ‘आश्वास’ नावाच्या प्रकरणात.

ओळखीतले एक संस्कृतचे अभ्यासक म्हणतात की हा निव्वळ योगायोग, प्रकरणाला आश्वास म्हणायचं ते वाचणाऱ्याने तिथे दम खावा म्हणून. असेल. पण मग मी काय वेगळं म्हणतोय? दम खाऊ देणं हेच तर आश्वासन! (आणि हा ‘दम’ही फारसीच, अर्थ श्वास. ‘दम धर’ म्हणताना आपण फारसीतून आश्वासनच देत असतो.)

माझा स्वतःचा एक तर्क आहे, ज्यावर हे गृहस्थ हसतात. उच्छ्वासाचं प्राकृतात ‘ऊसास’ झालं आणि मराठीत ‘उसासा’. त्याच वाटेने आश्वासाचं ‘आसास’ होतं. ते मराठीत टिकलं नाही. पण उसासा ऐकायला सरावलेल्या कानावर ‘दिलासा’ पडला, तेव्हा तो परका वाटला नसणार. जणू आपलाच हरवलेला आसास दिलाचं बोट धरून घरी आला. पुरावा नाही, कबूल. तरी भाषाशुद्धीवाले ‘दिलासा हाकला, आश्वासन आणा’ म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते. एक विसावा देतो, एक श्वास. यात भांडण कुठलं?

काही वर्षांपूर्वी एका इस्पितळाच्या जिन्यावरून मी रात्री धावत वर गेलो होतो. तोंडातून शब्द फुटेना. फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “बसा. आधी दम घ्या, मग नाव सांगा.” पेशंट बरा होईल वगैरे काही बोलल्या नाहीत. त्यांना ते ठाऊकही नव्हतं. शब्दाचा इतका चोख वापर मी कुठल्या कोशात पाहिलेला नाही, आणि शब्द तर त्यांनी उच्चारलासुद्धा नाही.

हो, पत्राचं राहिलंच. ‘आश्वासन देते’ खोडा. शब्द निर्दोष आहे, पण तुमच्या मैत्रिणीने वरचं काही वाचलेलं नाही, तिला पुढारीच ऐकू येईल. ‘दिलासा’ही नको, तो हल्ली बातम्यांत पेट्रोल स्वस्त झाल्यावर मिळतो. ‘शनिवारी येते, काही बोलायचं नसेल तर नुसत्या बसू’ असं लिहा. शनिवार जमत नसेल तर रविवार.