पैशाचं गाऱ्हाणं : कर्ज नंतर, आधी बिल दाखवा

लालबागच्या एका पगारदारांच्या पतपेढीत मी निवृत्त होईपर्यंत कर्ज विभाग सांभाळला. सभासद अर्ज घेऊन आला, की मी पहिल्यांदा बिल मागायची. बऱ्याच जणांना त्याचा राग यायचा. पण बिल समोर ठेवून बोलायला लागलं, की अनेकदा मागितलेल्या रकमेतला काही भाग त्या माणसाने द्यायचाच नसायचा. या महिन्याची पत्रं वाचताना मला तेच टेबल आठवत होतं. सगळ्यांनी विचारलंय, 'पैसे कुठून उभे करू?' मला त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे: हे पैसे तुम्ही देणं लागता का, आणि लागत असाल तर किती?

ताई, आमच्या सोसायटीने गच्चीचा कोबा आणि बाहेरच्या प्लास्टरचं काम काढलंय. बिल्डिंग बावीस वर्षांची आहे. प्रत्येक फ्लॅटमागे एक लाख चाळीस हजार मागितलेत. निम्मे पंधरा दिवसांत भरायचे, नाहीतर चोवीस टक्के व्याज, अशी नोटीस लिफ्टजवळ लागली आहे. आमचं वनरूम किचन. यजमानांचा पगार बेचाळीस हजार, त्यांच्या कंपनीत पतपेढी आहे. क्रेडिट कार्डावर आधीच चाळीस हजार थकलेत. बांगड्या मोडायचं ठरवलं आहे. बरोबर करतेय ना?
– एक गृहिणी, भांडुप

बांगड्या कपाटात ठेवा. सराफाकडे जायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात जा आणि चार कागदांसाठी अर्ज द्या: सर्वसाधारण सभेचा ठराव, ठेकेदारांची कोटेशनं, स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल आणि सिंकिंग फंडाचा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी दरवर्षी साठवलेल्या निधीचा आजचा हिशेब. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर पोच घ्या. सभासदाला हे कागद पाहायचा आणि शुल्क भरून प्रती घ्यायचा अधिकार सहकार कायद्यानेच दिलेला आहे. सेक्रेटरींनी 'तुमचा विश्वास नाही का' असं विचारलं, तर शांतपणे सांगा, की रक्कम मोठी आहे आणि घरात हिशेब दाखवावा लागतो.

ठराव कशासाठी? कमिटीला आपल्या अधिकारात किती खर्च करता येतो याची मर्यादा असते. त्यापुढचं काम सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही. सभेत काय ठरलं, किती हप्ते ठरले, हे लिफ्टजवळच्या नोटिशीवरून कळत नाही, इतिवृत्तावरून कळतं. पंधरा दिवसांची मुदत सभेने घातली की कुणा एकाने, तेही तिथेच दिसेल. आणि व्याजाचं म्हणाल, तर थकबाकीवर सोसायटीला जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के सरळव्याज लावता येतं, तेही सभेने ठरवलं असेल तर. चोवीस टक्के आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत बसतच नाही. एवढी एक गोष्ट लेखी निदर्शनास आणून दिलीत, तरी पुढच्या बोलण्याचा सूर बदलेल.

आता सिंकिंग फंड. आदर्श उपविधीप्रमाणे प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी या निधीत जमा व्हायला हवी. बावीस वर्षांत बांधकाम खर्चाचे साडेपाच टक्के झाले, वर त्यावरचं व्याज. हे पैसे तुम्ही दर महिन्याच्या मेंटेनन्समधून भरत आला आहात. आर्किटेक्टने मोठी दुरुस्ती गरजेची असल्याचा दाखला दिला आणि रीतसर मंजुरी घेतली, तर ते वापरता येतात. ही तरतूद अशाच कामांसाठी आहे. शिवाय दुरुस्ती निधी वेगळा, वर्षाला किमान पाऊण टक्का. या दोन्हींत किती शिल्लक आहे आणि त्यातलं किती या कामाला लावलं, हे कळल्याशिवाय एक लाख चाळीस हजार हा आकडा मी मान्य करणार नाही, तुम्हीही करू नका.

आणखी एक मुद्दा मला फार खटकला. तुमचं वनरूम किचन आणि वरच्या मजल्यावरचे टूबीएचके, सगळ्यांना सारखीच रक्कम. वॉचमन, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांचा खर्च सगळ्यांत सारखा वाटला जातो, ते ठीक. दुरुस्ती निधीची वर्गणी मात्र त्या त्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर ठरते, म्हणजे लहान घराची कमी. मोठ्या कामाचा वाटा सर्वसाधारण सभा ठरवते. तो याच पायावर ठरवावा, असं सभेत उभं राहून मांडा. तुमच्यासारखी छोटी घरं बिल्डिंगमध्ये आणखी असतील. त्यांच्याशी आधी बोलून घ्या. एकट्या बाईचा आवाज सभेत दाबला जातो, पाच घरांची सही असलेला अर्ज दाबता येत नाही. कमिटीने कागदच दाखवले नाहीत, तर तुमच्या वॉर्डाच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

मात्र भरणारच नाही, असा पवित्रा घेऊ नका. गच्ची गळते तेव्हा सातव्या मजल्यावरच्या माणसाच्या पलंगावर पाणी पडतं, आणि गच्ची सगळ्यांची आहे. पाऊस तोंडावर आल्यावर परांची बांधून अर्धवट राहिलेलं काम फारच वाईट. योग्य तेवढी रक्कम हप्त्याने भरा, दर वेळी पावती घ्या.

पैसे उभे करायची वेळ आलीच, तर यजमानांच्या पतपेढीतून कर्ज काढा, आणि त्यातून पहिल्यांदा क्रेडिट कार्ड मिटवा. हे मी आग्रहाने सांगते. थकलेल्या चाळीस हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी चौदाशे रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे दोनशे बावन्न. तुम्ही पाच टक्के 'मिनिमम ड्यू' म्हणून दोन हजार भरता, तेव्हा मूळ रकमेतले जेमतेम साडेतीनशे फिटतात. तेच चाळीस हजार बारा टक्क्यांच्या कर्जात नेले, तर पहिल्या महिन्याचं व्याज चारशे रुपये. थकबाकी असेपर्यंत कार्डावर नवीन काही घेऊ नका. त्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बांगड्यांवर हात घालावाच लागला, तर मोडू नका, बँकेत तारण ठेवा. वजन आणि कस लिहिलेली पावती घ्या.

ताई, अंधेरीच्या एका छोट्या ऑफिसात काम करतो. सहा-सात महिने झाले, पगार वीस-बावीस तारखेला होतो. बाइकचा हप्ता पाच तारखेला. दर महिन्याला हप्ता परत जातो आणि दोन्हीकडून दंड कापला जातो. शेठ म्हणतात पार्टीचं पेमेंट आलं की देतो. मित्राकडून घेऊन भागवतोय. आता त्याच्याकडेही तोंड दाखवायला लाज वाटते.
– एक तरुण, नालासोपारा

तुला 'तू' म्हणते, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे. बाळा, लाज तुला का वाटावी? तुझं काम महिनाअखेर पूर्ण होतं. त्याचे पैसे वीस दिवस शेठ वापरतात, म्हणजे तुझ्या पगारातून त्यांचा धंदा चालतो आणि दंड मात्र तू भरतोस. हे मला अजिबात मान्य नाही.

वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, असं त्यात स्पष्ट आहे. १९३६ च्या जुन्या कायद्यात ठरावीक पगारापर्यंतचीच माणसं येत होती, आता सगळे कर्मचारी येतात. पार्टीचं पेमेंट आलं की नाही, याच्याशी तुझ्या पगाराचा संबंध नाही. नोकरी सोडलीस, तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, हेही त्यातच आहे.

तोंडी विचारणं बंद कर. ईमेल लिही, भाषा नम्र ठेव: अमुक महिन्याचा पगार अमुक तारखेला जमा झाला, त्यामुळे हप्ता परत जाऊन इतका दंड पडला, यापुढे सात तारखेच्या आत मिळावा. गेल्या महिन्यांच्या तारखा बँकेच्या स्टेटमेंटमधून काढून खाली लिही. नोकरी जाईल ही भीती खरी आहे, म्हणून तीन-चार सहकाऱ्यांनी मिळून पाठवलात तर बरं. त्यानेही हललं नाही, तर वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे तक्रार देता येते. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा आणि हजेरीचा काही पुरावा आधी घरच्या मेलवर घेऊन ठेव.

आज रात्री आणखी एक बघ. पगारातून पीएफ कापत असतील, तर उमंग ॲपवर पासबुक उघड. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत जमा व्हायला हवी. माझा अनुभव असा, की पगाराला उशीर करणारा मालक पुष्कळदा पीएफही मागे ठेवतो, आणि कामगाराला ते सोडून जाताना कळतं.

बाइकच्या कर्जाची तारीख पंचवीसला नेता येईल का, हे फायनान्सवाल्यांना लेखी विचार. परत गेलेल्या हप्त्यांची नोंद क्रेडिट अहवालात राहते, उद्या घराच्या कर्जाला ती आडवी येईल. तो अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, मागवून बघ.

जूनमध्ये फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट मिळून बावीस हजार गेले. गणपतीला गावी जायचं म्हणजे अठरा. दिवाळीला आणखी आठ. प्रत्येक वेळी उसनवारी. गावचा गणपती यंदा टाळू का?
– एक वाचक, करी रोड

नाही, टाळू नका. गावच्या घरात वर्षातून एकदा दिवा लागतो, तो खर्च कमी करा असं मी कुणालाच सांगणार नाही. तुमची बेरीज अठ्ठेचाळीस हजार होते, म्हणजे महिन्याला चार हजार. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी बँकेच्या आरडीत ते आपोआप जातील अशी सूचना देऊन टाका. भिशीत असाल तर राहा, पण हे चार हजार त्यात घालू नका. भिशीवाल्या घरावर संकट आलं, तर तुमची फी अडकते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा, म्हणजे ऐनवेळी खासगी बसवाल्याला दुप्पट द्यावे लागणार नाहीत.

भावाने एका ॲपवरून आठ हजारांचं कर्ज घेतलं. हातात पाच हजार दोनशे आले. सातव्या दिवसापासून धमक्या. आईचे, माझे फोटो घाणेरडे करून नातेवाइकांना पाठवू म्हणतात. दुसऱ्या ॲपवरून घेऊन हे फेडायचं म्हणतोय.
– एक बहीण, कल्याण

दुसरं ॲप उघडू देऊ नका. तिथून पुढे माणूस बाहेर येत नाही, हे मी पाहिलंय. आत्ता सगळे मेसेज, फोन नंबर, पैसे ज्या यूपीआय आयडीवर मागितले तो, यांचे स्क्रीनशॉट काढा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, जवळच्या पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही कळवा.

रीतसर कर्ज देणाऱ्याला व्याज आणि सगळे आकार लिहिलेलं पत्रक आधी द्यावं लागतं, पैसे बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या खात्यातूनच यावे लागतात, आणि फोनमधले संपर्क आणि फोटो घ्यायला त्यांना मनाई आहे. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा रीतसर संस्थांच्या कर्जाच्या ॲपची यादी आहे, तिच्यात हे नाव आहे का ते बघा.

आणि ताई, नातेवाइकांना तुम्हीच आधी सांगा. 'भावाच्या फोनमधले नंबर चोरीला गेलेत, कुणी काही पाठवलं तर उघडू नका, पोलिसांत तक्रार दिली आहे.' घरच्यांना कळू नये, या भीतीवरच हे लोक जगतात. भावाला रात्री एकटं ठेवू नका.

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी शुक्रवारी आहे. ट्रस्टचं हॉस्पिटल. दोन लाख सांगितलेत, पन्नास हजार डिपॉझिट उद्यापर्यंत. माझा पगार पंचवीस हजार, घरात दुसरी कमाई नाही. कर्जाचा फॉर्म भरून ठेवलाय.
– एक सून, चेंबूर

हे पत्र ईमेलने आलं, म्हणून उत्तर त्याच दिवशी पाठवलं होतं. इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

तुमचं वर्षाचं उत्पन्न तीन लाख. धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना आहे ती. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तुम्ही दुसऱ्या गटात बसता. बिलिंगच्या खिडकीवर विचारू नका, तिथे 'खाटा भरल्या' एवढंच ऐकायला मिळेल. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, अर्ज लेखी द्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात घेऊन जा.

त्याच वेळी आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलात मदत करणारा माणूस, कुठे बसतो ते विचारा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, अँजिओप्लास्टी तिच्या यादीत आहे, आणि १ जुलै २०२४ पासून कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. हॉस्पिटल योजनेत नसेल, तर शुक्रवारच्या पुढे थांबता येईल का, की दुसरीकडे हलवता येईल, हे डॉक्टरांनाच विचारा. तो निर्णय पैशावरून घेऊ नका. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी लागते, म्हणून सकाळी पहिलं काम हेच. रेशनकार्ड, सासऱ्यांचं आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असेल तर तो, अँजिओग्राफीचा अहवाल आणि डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक बरोबर न्या. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. कर्जाचा फॉर्म पर्समध्ये राहू दे, आरोग्यमित्राचं उत्तर येईपर्यंत त्यावर सही करू नका.