चेहऱ्यावर दिसतं का हो, मॅडम?

“मॅडम, माझ्या मनात काय चाललंय ते समोरच्याला कळत असेल का?” इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या क्लासेसमधली मुलं मुलाखतीआधी हे विचारतात. नवीन लग्न झालेल्या मुली विचारतात. परवा साठीच्या एका गृहस्थांनीही विचारलं. धास्ती एकच, की आतलं सगळं बाहेर दिसतंय. म्हणून इंदूरच्याच राजेंद्र नगरातल्या एका सुनेची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सासऱ्यांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं हिच्याकडे. एका सकाळी दुधात मऊ केलेल्या पोह्यांचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेताना मनात आलं, ‘सुटले एकदाचे तर बरं.’ वर पाहिलं, तर दारात सासूबाई, ओठ घट्ट मिटलेले. आईंना कळलं, अशी हिची खात्रीच झाली. भरवायची खुर्ची तिने अशी फिरवली की दाराकडे पाठ व्हावी.

“मी वाईट आहे आणि ते दिसतं,” पहिल्या काही भेटींत ती एवढंच म्हणायची. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारात घडलेली समुपदेशक. घटनेपेक्षा तिला चिकटवलेली समजूत माणसाला जास्त छळते, हे मी रोज पाहते. इथे समजुती दोन होत्या. त्यातली पहिली लवकर सैल झाली.

“तो विचार आल्यावर तू काय केलंस?”

“पोहे भरवले. तोंड पुसलं.”

“हात थांबला?”

“नाही.”

थकलेल्या मनात असे विचार येतात. आलेला विचार म्हणजे इच्छा नव्हे, आणि कृती तर नव्हेच. हे तिला पटलं. पण ‘दिसतं’ हे काही केल्या हटेना.

मग मी म्हटलं, “मनात एक आरती म्हण आणि तिचा ठेका बोटाने या टेबलावर वाजव. मी ओळखते.” तिने डोळे मिटून, अगदी रंगून वाजवली. मी कान देऊन ऐकलं.

“मारुतीची?”

“अहो मॅडम, गणपतीची! रोजची!” तिला खरंच नवल वाटलं.

“तुझ्या डोक्यात सूर होता, शब्द होते, झांजा होत्या. माझ्यापर्यंत फक्त टकटक आली.”

मूळ प्रयोग एलिझाबेथ न्यूटन यांचा, १९९० मधला, स्टॅनफर्ड विद्यापीठातला. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली अवघी ३. आपल्या घरांसाठी तो आरतीवर आणावा हे मला सुचलं, याचं समाधान आहे.

ती बराच वेळ गप्प होती. बोट अजून टेबलावरच. मग हळूच म्हणाली, “म्हणजे आईंनाही टकटकच ऐकू आली.” मी काही बोलले नाही. अशा क्षणी गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, “आणि त्यांचे मिटलेले ओठ? तीही टकटकच ना. सूर मीच घातला.”

हे मी तिला सांगितलं नव्हतं. माझं सगळं लक्ष ती किती ‘दिसते’ याकडे होतं. ती स्वतःही दुसऱ्याला तसंच वाचत होती, हे तिने मला दाखवलं. तेव्हापासून हा प्रश्न घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी उलटाही विचारते: तुम्ही कुणाचा चेहरा वाचून काय धरून बसला आहात?

वागण्यावरून काहीच कळत नाही, असं मी म्हणत नाही. राग, भीती, शीण दिसतो. सासूबाईंना हिचा थकवा नक्की दिसला असेल, पण त्यामागचं वाक्य चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. खोटं ओळखण्यावरचे दोनशेहून अधिक अभ्यास बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये एकत्र तपासले. माणसांचे निर्णय सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर आले. नाणं उडवलं तरी ५० येतात. म्हणून मनातला प्रत्येक विचार कबूल करत सुटू नका, तो तुमचा खासगी आहे. दुसऱ्याबद्दलचा अंदाज मात्र विचारून पाहा, तोही आरोप न करता. एक गोष्ट वेगळी: आपले विचार इतरांना प्रत्यक्ष ऐकू येतात अशी पक्की खात्री झाली असेल आणि ती समजावूनही हलत नसेल, तर वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

तिला मी एकच काम दिलं होतं. तिने ते केलं. “आई, हल्ली तुम्हाला काही दुखतंय का?”

“नवी कवळी गं. हिरडीला टोचते. तुझ्यामागे आधीच इतकं, तुला कशाला सांगायचं?”

पुढच्या भेटीत बसायच्या आधीच तिने सांगितलं, खुर्ची पुन्हा दाराकडे तोंड करून ठेवली आहे.