हेल्मेटमधला फोन आणि कोथिंबिरीची जुडी

प्रश्न : ताई, आमचे हे रोज तळेगावहून चाकणला बाईकने जातात, रस्ता तुम्हाला माहितीच असेल, नुसते कंटेनर. आणि गाडीवर बसले की फोन हेल्मेटच्या आत कानापाशी खोचलेला, गप्पा चालू. काही बोललं की म्हणतात दोन्ही हात हँडलला आहेत ना, मग प्रॉब्लेम काय? परवा कोथिंबीर आणा सांगायला मी कॉल केला तर मागून ट्रकचा असला हॉर्न ऐकू आला की पोटात गोळाच आला. चांगलं ब्लूटूथ घेऊन दिलं तर चालेल का?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : ब्लूटूथवर पैसे घालवू नका. माझीच फजिती सांगते. मागे ॲक्टिव्हावर फोन स्कार्फमध्ये खोचून बहिणीशी बोलत होते, विषय काय तर पुरणाला किलोभर डाळीला गूळ किती, आणि समोर कांद्याची हातगाडी. दिसत होती हो, अगदी डोळ्यांसमोर होती, पण आता ब्रेक दाबायचाय हे डोक्यात शिरलंच नाही, थेट जाऊन धडकले. गुडघा फुटला, कांदे रस्ताभर, आणि स्कार्फमधून बहीण विचारतेय, "अगं ऐकतेयस ना?" दोन्ही हात हँडललाच होते बरं का.

1997 साली कॅनडात टोरांटोला अपघात झालेल्या 699 ड्रायव्हरांची फोनची बिलं तपासली होती, फोनवर बोलताना अपघाताचा धोका साधारण चौपट निघाला आणि हँड्सफ्रीवाल्यांनाही त्यात काही सूट मिळालेली दिसली नाही. मागे बसलेलं माणूस बोलत असेल तर गोष्ट वेगळी, त्याला कंटेनर दिसतो, ते आपोआप गप्प होतं नाहीतर "अहो हळू" म्हणतं. फोनवरच्या माणसाला काय दिसतंय? आणि कोणाचा कॉल आला हे नुसतं बघायचं म्हटलं तरी 60च्या स्पीडला तीन सेकंदांत गाडी 50 मीटर गेलेली असते.

कायद्याचं म्हणाल तर फोन हातात धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, पहिल्यांदा सापडलं तर 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. रस्ता बघायला मॅप लावायची सूट 2020 पासून आहे, पण लक्ष विचलित व्हायला नको, म्हणजे निघायच्या आधी सेट करून फोन होल्डरमध्ये.

आता रागावू नका, पण परवाचा तो कॉल तुमचाच होता ना? शिफ्ट कधी सुटते, हे किती वाजता रस्त्यावर असतात, घरात सगळ्यात पक्कं तुम्हालाच माहिती. तेव्हा त्यांनी निघताना "निघालो" एवढा मेसेज टाकायचा, आणि घरी पोचेपर्यंत तुम्ही कॉल करायचा नाही, उशीर झाला तरी. जीव वरखाली होईल, माझाही होतो. साहेबांच्या कॉलसाठी फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो, आयफोनवर तर मेसेज करणाऱ्याला गाडी चालवतोय असं उत्तर आपोआप जाईल असं सेट करता येतं. अगदीच अर्जंट असेल तर टपरीपाशी गाडी रस्त्याच्या खाली घेऊन, उतरून बोलायचं, चहाही होतो.

कोथिंबीर हवी असेल तर शिफ्ट सुटायच्या आधीच मेसेज टाका.