चिव्हिता दी बान्योरेजो : कड्यावरचे गाव का ढासळते?

प्रश्न : इटलीतील चिव्हिता दी बान्योरेजो या टेकडीवरच्या गावाला ‘मरणारे शहर’ म्हणतात. १६९५च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले, असे वाचनात आले. त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी ते अजून ढासळतच आहे, असेही लिहिलेले असते. मग खरे कारण कोणते? आणि अशा जागी लोकांनी मुळात वस्ती केलीच का?

उत्तर : भूकंपाने गावाचे मोठे नुकसान केले हे खरे, पण ढासळण्याचे मूळ कारण गावाखालच्या जमिनीत आहे आणि ते भूकंपापूर्वीही होते. हे गाव रोमच्या उत्तरेस, लात्सिओ प्रदेशातील व्हितेर्बो प्रांतात, टायबर नदीचे खोरे आणि बोल्सेना सरोवर यांच्या मधल्या भागात आहे. दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी या भागात समुद्र होता आणि त्याच्या तळाशी करड्या-निळसर चिकणमातीचे जाड थर साचले. त्या मातीत आजही शंखशिंपल्यांचे अवशेष सापडतात. समुद्र हटल्यानंतर, काही लाख वर्षांपूर्वी, पश्चिमेकडील व्हुल्सिनी ज्वालामुखींच्या उद्रेकांतून बाहेर पडलेली राख आणि इतर द्रव्ये या मातीवर पसरली. त्यांचा घट्ट होऊन जो खडक बनला, त्याला टफ म्हणतात. गाव उभे आहे ते या टफच्या पठारावर, आणि पठार टेकले आहे ते चिकणमातीवर.

टफ कड्यासारखा उभा राहू शकतो, पण त्याला उभ्या भेगा असतात. पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली झिरपते आणि चिकणमातीपाशी अडते, कारण ती पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. भिजलेली माती फुगते, मऊ होते आणि उतारावरून सरकू लागते. शिवाय पठाराच्या दोन्ही बाजूंनी वाहणारे ओढे उताराचा पायथा कोरत राहतात. खालचा आधार गेला की टफच्या कडेच्या भेगा रुंदावतात आणि एखादा मोठा तुकडा, त्यावर घर असेल तर घरासकट, दरीत कोसळतो. ही क्रिया कधी संथ असते, कधी अचानक वेग घेते, आणि भूकंपाने तिला असाच एक जोराचा धक्का दिला. आजूबाजूच्या मोकळ्या चिकणमातीवर पावसाने कोरलेल्या धारदार, उघड्याबोडक्या घळी आहेत. इटालियन लोक त्यांना ‘कलांकी’ म्हणतात. गावाकडे जाणाऱ्याने आधी त्या नीट पाहाव्यात, असे मला वाटते, कारण गावाखाली काय चालले आहे ते तेथे उघड्यावर दिसते.

आता वस्तीविषयी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन लोकांनी, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांनी, येथे गाव वसवले. त्यांच्या दृष्टीने ही जागा अत्यंत शहाणपणाची होती : चहूबाजूंनी कडे असल्याने संरक्षण सोपे, टायबरच्या खोऱ्यातील वाहतुकीशी संबंध, आणि हाताच्या अवजारांनी सहज कोरता येणारा टफ. त्यात त्यांनी गुहा, थडगी आणि भुयारी वाटा खोदल्या. पुढील पिढ्यांनी यांपैकी काही गुहा दारूची तळघरे म्हणून वापरल्या. ज्या कड्यांमुळे गाव सुरक्षित राहिले, तेच कडे त्याला कुरतडत आहेत, हे या गावाचे दुर्दैव आहे.

मध्ययुगात गावाचे महत्त्व टिकून होते. तेराव्या शतकातील थोर ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ संत बोनाव्हेंचर यांचा जन्म येथलाच; १२७४ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे जन्मघर जेथे होते, ती जागा केव्हाच दरीत गेली आहे. १६९५च्या भूकंपानंतर बिशपचे पीठ आणि नगराचा कारभार शेजारच्या, अधिक स्थिर जमिनीवरील बान्योरेजोत हलवला गेला, आणि त्यांच्यामागून बहुतेक लोकही गेले. गावाचा ऱ्हास झाला तो मुख्यतः येथून, कारण अधिकार आणि उपजीविका निघून गेल्यावर उरलेल्यांना डागडुजीसाठी बळ राहिले नाही.

प्रश्न : आज तेथे कोणी राहते का, आणि उरलेले गाव वाचवता येईल का?

उत्तर : वर्षभर राहणारे लोक वीसहूनही कमी आहेत. बान्योरेजोहून गावात जाण्यासाठी १९६५ मध्ये बांधलेला, सुमारे ३०० मीटर लांबीचा पादचारी पूल आहे. २०१३ पासून पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. ते सुरुवातीला दीड युरो होते, पुढे वाढवण्यात आले. पर्यटकांची संख्या मात्र वर्षाला लाखोंवर गेली आहे, आणि या उत्पन्नाचा गावाला आधार झाला.

वाचवण्याच्या दृष्टीने कड्यांत पोलादी सळया बसवून भेगाळलेला टफ बांधून धरण्याची कामे झाली आहेत. ती आवश्यकच आहेत. परंतु त्यांनी वरचा खडक सावरतो, खालच्या मातीचे सरकणे थांबत नाही. त्यासाठी पावसाचे पाणी उतारापासून दूर वळवणे आणि ओढ्यांची पात्रे अधिक खोल होऊ न देणे, हे काम न थकता वर्षानुवर्षे करत राहावे लागते. झीज पूर्णपणे थांबवता येणार नाही, मात्र तिचा वेग कमी करणे शक्य आहे.