मासे रोज, तरी रक्त कमी कसं?

"ताई, सोमवार-गुरुवार सोडले तर आमच्याकडे माशाशिवाय भात खाली उतरत नाही. मग हिचं रक्त कमी कसं?" सासूबाईंचा सूर असा, की जणू रिपोर्ट मीच लिहिलाय.

रत्नागिरीजवळचं खाडीकाठचं गाव. सुनेला पाचवा महिना, हिमोग्लोबिन 8.6. गरोदरपणात ते निदान 11 हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. पोट साफ होत नाही आणि मासे तर खातेच, म्हणून हिने त्या पंधरा दिवसांत बंद केल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

किनाऱ्यावर हा प्रश्न मला इतक्यांदा येतो, की हल्ली मी आधी आहाराचा तक्ता काढतच नाही. "काल रात्री तुझ्या ताटात काय होतं?"

"बांगड्याचं सार, भात."

"तुकड्या किती?"

ती सासूकडे बघायला लागली, सासू जमिनीकडे.

तुकड्या आधी पुरुषांना, मग मुलांना. उरलं तर डोकं नि शेपूट. दोघी सगळ्यांच्या मागून जेवायच्या आणि हात धुतला की चहा. घरात मासे रोज शिजत होते, पण हिच्या पोटात जात होतं ते नारळ, आमसूल आणि माशाचा वास. प्रथिनं, लोह बहुतेक तुकडीतच राहतं, सारात फारसं उतरत नाही.

हिशोब कागदावर मांडला. 100 ग्रॅम बांगड्यात प्रथिनं 18-20 ग्रॅम, म्हणजे उत्तमच. लोह मात्र दीड-दोन मिलिग्रॅम, आणि हिची रोजची गरज 27च्या आसपास. तेव्हा मनसोक्त बांगडे खाल्ले तरी गोळी सुटत नाही. पण माशातलं लोह भाजीतल्यापेक्षा सहज अंगी लागतं, शिवाय सोबतच्या डाळ-पाल्यातलं लोह शोषायलाही मदत करतं. वर लगेच चहा ओतला की तेच शोषण घटतं. चहा तासा-दीड तासाने. गोळीचा त्रास डॉक्टरांना सांगायचा, परस्पर बंद करायची नाही.

"मग उद्यापासून सुरमई आणतो," नवरा म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला, पण मी थांबवलं. मोठा शिकारी मासा लहान मासे खात वाढतो, त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साचत जातो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो घातक. सुरमई क्वचित, मुशी (शार्क) नकोच. तारली, बांगडे, मांदेली आणा. तारली-बांगड्यांत बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना लागणारं ओमेगा-3 भरपूर. मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट चावली तर कॅल्शियमही मिळतं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, पण तुकडी ताटात दिसली पाहिजे. सुकटीतही कॅल्शियम असतं, फक्त खारवलेली असेल तर धुऊन, बेताने. रक्तदाब वाढलेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "उष्ण असतात." उष्ण-थंडच्या वादात मी पडत नाही, त्यात कोणी जिंकत नाही. तिसऱ्यांत बी-12 अफाट. आणि कालवांइतकं (ऑयस्टर) जस्त दुसऱ्या कुठल्या खाण्यात मिळत नाही. खरी भीती वेगळीच आहे. शिंपले पाणी गाळून जगतात, खाडीत सांडपाणी आलं तर ते त्यांच्या पोटात. म्हणून जागा स्वच्छ, तिसऱ्या जिवंत, पूर्ण शिजवलेल्या. उकळूनही तोंड न उघडलेली शिंपली टाकून द्यायची.

"ते आम्हाला नका शिकवू," म्हणत त्या पहिल्यांदा हसल्या.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन 9.8. बरंचसं श्रेय पुन्हा सुरू झालेल्या गोळ्यांचं, हे मी तिला सांगितलंच. परवा तिने ताटाचा फोटो पाठवला: दोन तारल्या, डाळ, चवळीचा पाला, लिंबाची फोड. कोपऱ्यात चहाचा कप दिसला म्हणून फोन केला. सासऱ्यांचा होता म्हणे.