मूर्ती वाळेपर्यंत

"मॅडम, हा खरंच ढ आहे की नुसता घाबरतो, एवढंच सांगा." आठवीतल्या मुलाला घेऊन डिचोलीहून आलेल्या आईने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. काळ-कामाची गणितं असली की त्या दिवशी सकाळी मुलाच्या पोटात दुखायचं. वर्गात एकदा त्याची वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती, तेव्हापासून हे सुरू झालं. असे पालक माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांनी ट्यूशन आधीच ठरवलेली असते.

मी वही मागितली. 6 कारागीर एक काम 10 दिवसांत करतात, तर 4 कारागिरांना किती दिवस? त्याने सरळ त्रैराशिक मांडून 6.67 काढले होते. वर लाल फुली. आणि समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात: 'माती वाळली नसेल तर?'

"हे काय रे?"

तो गप्प. आईच म्हणाली, "घरची चित्रशाळा आहे ना, गणपतीच्या मूर्तींची. डोकं तिथंच असतं."

मग आम्ही गणित सोडून चवथीवर, म्हणजे गणेश चतुर्थीवर बोललो. साठ मूर्ती. रंगवायला बाबा, काका, आत्या आणि हा. "डोळे सोडून," तो म्हणाला. "आखणी बाबाच करतात."

"काका आले नाहीत तर?"

"मग दिवस जास्त लागणार!" हे काय विचारणं झालं, असा चेहरा.

"वहीत तू माणसं कमी केलीस, आणि दिवसही कमी झाले."

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग स्वतःच लिहिलं: 6 गुणिले 10, म्हणजे 60 जणांचं एका दिवसाचं काम. भागिले 4. पंधरा.

व्यस्त प्रमाण म्हणजे एवढंच. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लीलावतीत व्यस्त त्रैराशिक वेगळं काढून सांगितलंय. सोन्याचा कस वाढला की तेवढ्याच पैशांत वजन कमी मिळतं, हे त्यातलं. आईला ते मुलाच्या आधी पटलं.

पुढचं गणित: एकाला 12 दिवस, दुसऱ्याला 6, दोघांना मिळून किती? तो म्हणाला, 9. "म्हणजे मदतीला माणूस आला आणि काम लांबलं?" तो हसला. रोजचा बारावा भाग अधिक सहावा भाग, म्हणजे पाव काम. चार दिवस.

राहिली समासातली ओळ. लाल फुली बरोबरच होती, पण ही ओळ कुणी वाचलीच नव्हती. पुस्तकातले कारागीर सारख्याच वेगाने राबतात आणि काम हवं तसं वाटून घेता येतं, हे गृहीत असतं. कुणी बोलून दाखवत नाही. चित्रशाळेत वीस माणसं बसवली तरी माती तिच्या वेळेनेच वाळते. हा मुलगा तिथेच अडला होता, आणि अडायला जागा होती.

ट्यूशन चवथीनंतर बघू, असं मी आईला सांगितलं. पोटदुखी एकदम गेली नाही. चाचणीच्या दिवशी पुन्हा उठली.

तिसऱ्या भेटीला त्याने स्वतः रचलेलं गणित आणलं. मूर्ती वाळायला 8 दिवस, रंगवायला 4 जणांना 15. माणसं 6 झाली तर एकूण किती? आठ त्याने बाजूला ठेवले होते, पंधराचे दहा केले होते. उत्तर 18.

"बरोबर आहे का?" आईने मला विचारलं. मी त्याच्याकडे बघितलं.

"पाऊस नसला तर," तो म्हणाला.