घरचे वकीलकाका आणि अडकलेली उधारी

"आमचे घरचे वकील आहेत, वडिलांचे स्नेही. त्यांना सोडून दुसऱ्याकडे गेलो तर बरं दिसेल का?"

छोट्या कारखानदारांना सल्ला देताना कायद्याच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. चांगला वकील कुठे मिळेल, हे विचारणारे त्या मानाने कमी. बडोद्याच्या मराठी घरांत तर तो हमखास निघतो. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा इथल्या जुन्या घरांचे भाडेकरूंचे तंटे, वारसाचे कागद, मृत्युपत्रं हे सगळं एकाच वकिलाच्या कपाटात असतं. ते वकील घरच्या लग्नाला येतात, मुलांची मुंज चुकवत नाहीत. मग मुलगा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड टाकतो, आणि त्याची कामंही आपोआप त्याच कपाटात जाऊन पडतात.

अशाच दोन भावांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. त्याच जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, त्यांचं फॅब्रिकेशनचं काम, इलेक्ट्रिक पॅनलचे पत्र्याचे बॉक्स. पत्रा कापण्यापासून पावडर कोटिंगपर्यंत सगळं एकाच शेडमध्ये. वडील गेल्यावर दोघं भागीदार झाले. थोरला शेड बघतो, धाकटा पार्ट्या, म्हणजे माल घेणारी गिऱ्हाइकं, आणि हिशेब. एका पार्टीकडे १८ लाख अडकले होते. माझ्याकडे त्यांना घेऊन आली ती थोरल्याची बायको. म्हणाली, "पैसे येतील तेव्हा येतील हो. पण हे दोघं रोज एका डब्यातून जेवायचे, ते आता वेगवेगळ्या वेळी जेवतात."

थोरल्याचं म्हणणं असं की घरच्या वकीलकाकांनी नोटीस दिली आहे, ते दावा टाकणार आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेव. धाकट्याचं म्हणणं, नोटिशीला दोन वर्षं होत आली, काका आता फोनही दुपारचाच उचलतात. कुणा मित्राने त्याची अहमदाबादच्या एका वकिलाशी गाठ घालून दिली होती. तिथे त्याला सांगितलं गेलं की आत्ता फी नको, जेवढी वसुली होईल त्यातले पंधरा टक्के द्या. धाकट्याला हे फार न्याय्य वाटलं होतं.

ते तसं वाटतं खरं. पण वकिलांचं नियमन करणाऱ्या बार काउन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला, मिळालेल्या रकमेत वाटा मागायला सरळ मनाई आहे. जो माणूस पहिल्याच भेटीत स्वतःच्या पेशाचा नियम बाजूला ठेवतो तो उद्या तुमच्या कागदांशी कसा वागेल, एवढंच मी धाकट्याला विचारलं. तो गप्प झाला. थोरल्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, म्हणून त्याच्याकडे वळून विचारलं, "काकांनी गेल्या दहा वर्षांत कारखान्याच्या उधारीची किती प्रकरणं चालवली?" त्यालाही उत्तर देता येईना. काका घरभाड्याच्या कायद्यातले मातब्बर, कोर्ट सुरसागरासमोर न्यायमंदिरात होतं तेव्हापासूनचे. दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत ते क्वचितच जातात.

कोण बरोबर, हा वाद मी तिथेच थांबवला. म्हटलं, वकिलांची नावं बाजूला ठेवा आणि काम काय आहे ते कागदावर लिहा. दोघांनी लिहिलं, वसुली. मी म्हटलं, अजून? बराच वेळ गेल्यावर धाकटा म्हणाला की पार्ट्यांच्या ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरांत काय काय लिहिलेलं असतं ते आम्ही कधी वाचत नाही. मग थोरला, खाली बघत: वडील गेल्यावर घाईत केलेलं भागीदारीपत्र आहे, त्यात कोणी किती पैसे उचलायचे याचं काहीच नाही. खरं भांडण कुठे होतं ते मला त्या वाक्यात कळलं. उधारी हे निमित्त होतं.

म्हणजे कामं तीन, आणि तिन्हींना एकच माणूस लागतो असं मुळीच नाही. वसुलीला रोज व्यापारी वाद चालवणारा लागतो. ऑर्डरच्या अटी वाचून द्यायला कोर्टात उभं न राहणारा, मसुदे करणारा वकीलही पुरतो, कदाचित जास्त बरा. आणि भागीदारीपत्र? तिथे दोन भावांचं हित एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतं. फर्मच्या वकिलाने दोघांनाही सल्ला द्यायचा म्हटलं तर कुणा एकावर अन्याय होणार, निदान तसा संशय तरी राहणार. त्या कामापुरता प्रत्येकाचा वकील वेगळा हवा. ही गोष्ट भावांना पटायला सगळ्यांत जड जाते. वेगळा वकील म्हणजे घर फुटलं, असं त्यांना वाटतं.

वसुलीसाठी नाव कसं शोधायचं, तर शेजारच्या शेडवाल्यांना विचारून. ज्याचे अडकलेले पैसे निघाले आहेत त्यालाच विचारायचं. सीएकडूनही दोन नावं मिळाली. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो; त्याची कोणत्या प्रकारची प्रकरणं चालू आहेत, तारखा कशा पडताहेत, हे घरबसल्या दिसतं. जाहिरात बघून जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. वकिलांना जाहिरात करायला बंदीच आहे, त्यामुळे 'शहरातले पहिले दहा वकील' छापाच्या याद्यांचं काय करायचं ते आपणच ठरवावं.

दोघं मिळून दोन ठिकाणी जाऊन आले, सल्ल्याची फी भरून. (फुकट सल्ला मागू नये. फी दिली की प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही.) पहिल्या वकिलांनी आपली गाजलेली प्रकरणं सांगितली, चहा पाजला आणि "होऊन जाईल, वर ओळख आहे" म्हणाले. दुसऱ्या एक बाई होत्या, चाळिशीच्या, गुजराती. दोन्ही भाऊ तिथून नाराज होऊन आले. "त्यांनी काही सांगितलंच नाही, नुसतं विचारत होत्या!"

काय विचारलं? फर्म रजिस्ट्रारकडे नोंदवलेली आहे का? उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) कधीची? सगळ्यांत जुनं थकलेलं बिल कोणत्या तारखेचं? मालाबद्दल पार्टीने कधी लेखी तक्रार केली होती का? ऑर्डरचा मूळ कागद कुठे आहे?

मी म्हटलं, वकील सापडला.

वकिलाच्या उत्तरांवरून नवख्या माणसाला काही कळत नाही, कारण उत्तर बरोबर आहे का हे त्याला तपासता येत नाही. प्रश्नांवरून मात्र कळतं. पहिलाच प्रश्न घ्या. भागीदारीपत्र स्टॅम्प पेपरवर होतं, नोटरीही झालं होतं, पण फर्म नोंदवलेलीच नव्हती. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंद नसलेल्या फर्मला करारातून येणाऱ्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. आधी दावा आणि मागून नोंदणी असंही चालत नाही. काकांनी दावा टाकला असता तर समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तो मुद्दा काढला असता.

तारखेचा प्रश्न मुदतीसाठी. मालाच्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत, आणि यांचं सगळ्यांत जुनं बिल त्या कडेला आलं होतं. उद्यमचा प्रश्न २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यासाठी. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने लेखी कराराने मुदत ठरवली तरी ती ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्याची तक्रार याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी 'सुविधा परिषदे'कडे करता येते. यांची उद्यम नोंदणी २०२१ ची आणि थकलेली सगळी बिलं त्यानंतरची, त्यामुळे तो रस्ता मोकळा होता. ऑर्डरच्या मागे लिहिलं होतं की वाद पुण्याच्या न्यायालयात चालेल. धाकटा त्याच्यामुळे हबकला होता. पण माल पुरवणारा जिथला, तिथल्या परिषदेला देशातल्या कुठल्याही खरेदीदाराविरुद्धची तक्रार घेता येते. घरभाड्यात हयात घालवलेल्या काकांना हे माहीत नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही.

थोरल्याची एक कुरकुर उरली. "मराठी असत्या तर बोलायला बरं पडलं असतं." मला ही भावना कळते, तिची चेष्टा करत नाही. पण इथल्या खालच्या कोर्टाचं कामकाज गुजरातीत, हायकोर्टाचं अहमदाबादला इंग्रजीत, आणि हे दोघं भाऊ शाळेपासून गुजराती बोलत आलेले. शेडवर कारागिरांशी, पार्टीशी, बँकेत गुजराती चालते; मग वकिलाशीच का अडावं?

फीचं बोलणं मात्र मी त्यांच्याकडून चार वेळा घोकून घेतलं, कारण आपली माणसं तिथे हमखास लाजतात. एकूण किती, कोणत्या टप्प्याला किती, मसुद्याचे वेगळे का, अहमदाबादला जावं लागलं तर प्रवासाचं काय, कारकुनाचा खर्च कोणाचा, तारखेला स्वतः येणार की ज्युनियरला पाठवणार, हे सगळं लिहून मागायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की वकिलाच्या सेवेत त्रुटी राहिली म्हणून ग्राहक न्यायालयात जाता येत नाही. बार काउन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, पण ती निराळी गोष्ट. म्हणून जे ठरवायचं ते आधी. मूळ कागद द्यायचे तर यादी करून पोच घ्यायची. बाईंनी एका पानावर सगळं लिहून दिलं, जराही न रागावता.

राहिले काका. थोरला म्हणाला, "मी नाही सांगणार." धाकट्याने सांगायचं ठरलं तर ते भांडणासारखं होणार हे तिघांनाही माहीत होतं. फी बाकी असली तरी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलेलं आहे, पण ते काकांना ऐकवायला मी सक्त मनाई केली. आधी नोटिशीची राहिलेली फी पाकिटात घालून न्या, दोघंही जा, आणि कारण खरं तेच सांगा: हे काम परिषदेत चालणार आहे आणि ते रोज तिथे काम करणाऱ्याला द्यायचं आहे, घराचे कागद तुमच्याकडेच राहतील. काकांची तब्येत, वय, फोन यातलं काहीही काढायचं नाही. थोरल्याने ते वाक्य माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

काकांना लागलंच. पाकीट घेईनात, मग घेतलं. "कोण केलाय?" म्हणून विचारलं आणि नाव ऐकून काही बोलले नाहीत. पण फाइल काढून दिली, आणि फाइलमध्ये त्यांच्या नोटिशीला पार्टीने दिलेलं उत्तर होतं: रक्कम देणं आहे, बाजार मंद आहे, सहा महिन्यांची मुदत द्यावी. खाली मालकाची सही आणि शिक्का. भावांना हे पत्र आलेलं आठवतही नव्हतं. वडिलांचं वर्षश्राद्ध त्याच आठवड्यात होतं. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी देणं कबूल केलं की त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. वकीलबाईंनी ते पत्र वाचून पहिल्यांदा हसून दाखवलं, आणि काकांनी ते जपून ठेवलं हे बरं केलं असंही म्हणाल्या. थोरल्याने ते काकांना जाऊन सांगितलं. माझ्या मते त्या महिन्यात त्याने केलेलं ते सगळ्यांत शहाणं काम.

फर्मची नोंदणी झाली. परिषदेची नोटीस गेल्यावर पार्टीने समेटाच्या बैठकीत निम्मी रक्कम दिली. बाकीची आणि व्याज यावर प्रकरण चालू आहे. नव्या ऑर्डरी आता वाचून सही होतात, एका ऑर्डरीवर तर धाकट्याने अट खोडून पाठवली आणि पार्टीने मुकाट्याने मान्य केली. भागीदारीपत्राचा मसुदा दोघांच्या दोन वकिलांमध्ये फिरतो आहे. दरमहा किती उचलायचे हे ठरलं. पुढच्या पिढीला घ्यायचं की नाही, यावर सध्या अडलं आहे.